गोटमारीचा व्हिडिओ गॅलरीत का उतरत नाही?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार, म्हणजे दोन काठांवरून एकमेकांवर दगडफेक, होते. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव आणि मधोमध रोवलेल्या पळसावर झेंडा. संध्याकाळपर्यंत तिचे व्हिडिओ सौंसर, नागपूर, पुण्यापर्यंत पोचलेले असतात. व्हॉट्सअॅपवर आलेला व्हिडिओ आपसूक गॅलरीत जाऊन बसतो. यूट्यूबवरचा मात्र ‘डाउनलोड’ दाबूनही गॅलरीत दिसत नाही.

व्हॉट्सअॅप अख्खी फाइल पाठवते. यूट्यूबवरून आपल्याकडे येतात ते तुकडे. व्हिडिओ चढवला की त्याच्या कमी-जास्त दर्जाच्या अनेक प्रती तयार होतात, अगदी १४४पीपासून. प्रत्येक प्रत काही सेकंदांच्या तुकड्यांत मागवता येते, त्यातही चित्र वेगळे आणि आवाज वेगळा. फोनमधला प्लेअर नेटचा वेग सतत मोजत असतो. संत्र्याच्या बागेत रेंज पडली की तो हलका तुकडा मागवतो, गावात आल्यावर भारी. ‘डॅश’ नावाची ही पद्धत २०१२ साली आंतरराष्ट्रीय मानक झाली. चित्र अडखळू नये म्हणून ती आली, कुणाला अडवण्यासाठी नव्हे. अडचण मात्र तिथूनच सुरू होते: उचलून ठेवावी अशी एकसंध वस्तू पाहणाऱ्याच्या हाती येतच नाही.

खरी कुलपे त्यानंतरची. तुकड्यांचे पत्ते काही तासांत बाद होतात. ते मिळवण्यासाठी प्लेअरला एक गणित सोडवावे लागते आणि यूट्यूब ते वरचेवर बदलते. काल चाललेले डाउनलोडचे संकेतस्थळ आज बंद पडते ते बहुधा यामुळेच. नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी तर तुकडेच सांकेतिक रूपात येतात. त्यांची किल्ली अनेक फोनांत चिपच्या सुरक्षित भागात असते, इतर अॅपना तिथे प्रवेश नसतो. असे संरक्षण हक्कभंगाच्या हेतूने तोडणे हा २०१२च्या दुरुस्तीपासून आपल्या कॉपीराइट कायद्यातही गुन्हा आहे.

या कुलपांमागे पैसा आहे. फाइल फोनमध्ये उतरली की जाहिरात दाखवता येत नाही, कोणी किती पाहिले ते कळत नाही. शिवाय सिनेमा आणि संगीत कंपन्यांशी केलेले करार असतात. डिसेंबर २०१४मध्ये यूट्यूबने भारतात ऑफलाइनची सोय दिली, तीही अॅपच्या आतच आणि ४८ तासांपुरती.

सिनेमाला कुलूप असावे, हे मला पटते. पण गावच्या भजनाला, गोटमारीच्या चित्रणालाही तेच कुलूप लागते आणि चॅनेल बंद झाले की पाहणाऱ्यांकडे काहीच उरत नाही. चढवणाऱ्याला मात्र वाट मोकळी आहे: यूट्यूब स्टुडिओतून स्वतःचा व्हिडिओ एमपी-४ फाइल म्हणून उतरवता येतो. त्याहून चांगले म्हणजे ज्याने चित्रण केले त्याच्याकडूनच मूळ फाइल मागून घ्यावी, आणि व्हॉट्सअॅपवर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावी. व्हिडिओ म्हणून पाठवली तर तिचा दर्जा घसरतो.