सात-पाचच्या बातम्या आणि विहारातली वही

सकाळचे सात वाजून पाच मिनिटे झाली हे कळायला पूर्वी आमच्या चाळीत घड्याळ लागत नसे. या टोकाच्या खोलीपासून त्या टोकाच्या खोलीपर्यंत एकच आवाज येई. पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या सुरू झालेल्या असत. सुधा नरवणे यांचा तो स्वच्छ, ठाम आवाज आज पन्नाशी-साठीत असलेल्या कुणालाही विचारा, लगेच आठवेल. नळावर हंडा भरणारी बाई तो भरेपर्यंत अर्ध्या बातम्या ऐकून घेई. उरलेल्या शेजारच्या दारातून चालताना ऐकू येत. पेपर विकत घेणारे घर चाळीत एखादेच होते, आणि तो पेपर दुपारपर्यंत दहा हातांतून फिरून चुरगळलेला असे. रेडिओला मात्र अक्षरओळख लागत नव्हती. आमची आजी अंगठाबहाद्दर, पण मंत्रिमंडळात कोण आहे ते तिला आमच्या आधी ठाऊक असे.

आमचे दादा (वडिलांना आम्ही दादाच म्हणत असू) लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात होते. रात्रपाळी करून ते सातच्या सुमारास घरी येत. बूट काढायच्या आधी ट्रान्झिस्टरचा कान पिळत. आई स्टोव्हवर चहा ठेवी आणि बातम्या संपेपर्यंत कुणी बोलायचे नाही असा दंडक होता. आम्हां मुलांना तो जुलूम वाटे. हा दंडक कशासाठी होता ते मला 1994 च्या जानेवारीत कळले.

मराठवाडा विद्यापीठाला परमपूज्य डॉ. बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी 27 जुलै 1978 रोजी केला, आणि त्यानंतर मराठवाड्यात आपल्या माणसांची घरे जळाली. पोचिराम कांबळे यांच्यासारखी माणसे मारली गेली. 1993 मध्ये नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. निर्णय कळला होता, रात्री चाळीत पेढेही वाटले गेले होते. तरीही दुसऱ्या दिवशी दादा सात वाजायच्या आधीच रेडिओसमोर बसले. मी म्हणालो, "दादा, आता काय नवीन ऐकायचंय? सगळं कळलंय की." ते म्हणाले, "गप बस. सरकारच्या तोंडून ऐकायचंय मला." सोळा वर्षे ज्या नावासाठी माणसे मेली, ते नाव सरकारी आवाजात, काही विशेष घडले नाही अशा सुरात, ऊस आणि पावसाच्या बातम्यांच्या रांगेत उच्चारले जाणे, हे त्यांना हवे होते.

पण सरकारच्या तोंडून आलेले सगळेच खरे, असे मानणारे ते नव्हते. 11 जुलै 1997 रोजी सकाळी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना उघडकीस आली. लोक रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. 10 माणसे गेली. त्या दिवशीच्या सात-पाचच्या बातम्यांत हे येणे शक्यच नव्हते. आमच्याकडे ती खबर धावत आलेल्या माणसांनी आणली. त्यानंतर कित्येक दिवस दादा प्रत्येक बातमीपत्राला एकच प्रश्न विचारीत. "हे कोण सांगतंय? पोलीस सांगतात का वस्ती सांगते?" मी तेव्हा शाळेत होतो. बातमी कशी ऐकावी याचा तो माझा पहिला धडा. पोलिसांची बाजू अशी होती की जमाव टँकर पेटवणार होता, म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या. पुढे न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि 2009 मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी धरले. त्यालाही नंतर उच्च न्यायालयातून जामीन मिळाला, ते वेगळेच दुखणे आहे.

आता बातम्यांनंतरच्या मुलाखतीविषयी, कारण कार्यकर्ता म्हणून माझा खरा संबंध तिच्याशी येतो. सात वाजून पंचवीस मिनिटांनी लागणारा 'दिलखुलास' हा कार्यक्रम राज्य शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचा. पंधरा मिनिटे कुणी मंत्री, कुणी सचिव, कुणी आयुक्त योजनांची माहिती देतो. आपल्यातले बरेच जण हे सरकारी पुराण म्हणून बंद करतात. प्रश्न गुळगुळीत असतात हे मलाही मान्य आहे. अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा आणि खिडकी बंद असेल तर काय करायचे, हे तिथे कुणी विचारीत नाही. वस्तीतल्या बाईने विचारले असते. पण आमच्या विहारात आम्ही एक शंभर पानी वही ठेवली आहे. ज्याने मुलाखत ऐकली त्याने तारीख, बोलणाऱ्याचा हुद्दा आणि योजनेचे नाव लिहायचे. रविवारी वंदना झाल्यावर वही वाचली जाते.

तीन वर्षांपूर्वी मुलुंडच्या एक मावशी वंदनेनंतर थांबल्या. "जयभीम भाऊ, रेडिओवर स्वाधार का काय म्हणाले, पोरांना साठ हजार मिळतात म्हणे. माझ्या नातवाला मिळतील का?" डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. दहावीनंतर शिकणाऱ्या ज्या मुलाला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्याच्या राहण्या-जेवणाच्या खर्चाची रक्कम त्याच्या खात्यात येते. मुंबईसारख्या शहरात ती वर्षाला 60,000 रुपये ठरवली होती. मावशींचा नातू मात्र मुलुंडचाच, आजीच्या घरी राहणारा. योजना बाहेरगावाहून आलेल्यासाठी. मावशींचा चेहरा उतरला. मग त्याच म्हणाल्या, "आमच्या मागच्या गल्लीत जालन्याचा एक पोरगा आहे, तिघांत मिळून खोली केलीय. त्याला होस्टेल नाही मिळालं." आपले काम होत नाही म्हटल्यावर दुसऱ्याच्या पोराचे आठवणारी ही माणसे आहेत!

त्या मुलाचा अर्ज भरला. कार्यालयात पहिल्यांदा "मुदत गेली" म्हणून परत पाठवले. मी वही काढली. "साहेब, अमुक तारखेला तुमच्याच खात्याच्या अधिकाऱ्यांनी रेडिओवर मुदत वाढवल्याचं सांगितलंय. तुम्ही नाही म्हणत असाल तर तसं लिहून द्या." लिहून कुणी दिले नाही. अर्ज घेतला. पैसे यायला आठ महिने लागले आणि मधल्या काळात त्या मुलाने रात्री मेडिकल दुकानात काम केले. पण आले.

एक गोष्ट आपल्या तरुणांना माहीत नसते. मोबाइलवर दिवसभर वाजणाऱ्या खासगी एफ. एम. वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी आपल्या देशात नाही. त्यांनी द्यायच्याच तर आकाशवाणीच्या, त्याही जशाच्या तशा. म्हणजे रेडिओवर बातमी म्हणून जे काही आहे ते आकाशवाणीच. म्हणून जून 2023 मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय आला तेव्हा मला स्वस्थ बसवेना. श्रोत्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी ओरड केली, निर्णयाला स्थगिती मिळाली. त्या ओरडीत आपल्या किती संघटनांची पत्रे होती? आमच्या मंडळाचे नव्हते, हे मी कबूल करतो. आम्ही त्या आठवड्यात वर्षावासाच्या वर्गणीच्या हिशोबात होतो.

बाबासाहेबांनी हे माध्यम हलके मानले नव्हते. 3 ऑक्टोबर 1954 रोजी आकाशवाणीवर आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगताना त्यांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही त्रयी फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे तर बुद्धांच्या शिकवणुकीतून घेतल्याचे स्पष्ट केले. नागपूरची धम्मदीक्षा तेव्हा दोन वर्षे दूर होती. मे 1956 मध्ये बी. बी. सी.वरून ते बौद्ध धम्माविषयी बोलले. स्वतःची वृत्तपत्रे काढणारा हा माणूस दुसऱ्याच्या ध्वनिक्षेपकासमोरही आपलेच म्हणणे मांडून आला.

दादा आता नाहीत. ट्रान्झिस्टरची बॅटरीची झाकणी तुटली आहे, तिथे आईने रबर बांधले आहे. मुलगी म्हणते, मोबाइलवर आकाशवाणीचे ॲप आहे, त्यात सगळ्या राज्याच्या बातम्या ऐकता येतात. खरे आहे, लोकलमध्ये मी तेच लावतो. वही मात्र तिच्याकडे दिली आहे. गेल्या रविवारी तिने वाचलेल्या नोंदीत तारीख होती, योजना होती, बोलणाऱ्याचा हुद्दा राहून गेला होता. मागच्या रांगेतून एक आजी म्हणाल्या, "अगं, पण सांगत कोण होतं ते लिही की."