सोन्याची लाल रेघ

सोन्याचा रंग कोणता? अकरावीच्या वर्गात हा प्रश्न विचारला, की मुले हसतात. पिवळा, दुसरा कोणता असणार! पण विद्यार्थी मित्रांनो, लाल रंगाचेही सोने असते. मोहाडी तालुक्यातील करडीसारख्या गावात ते पाहायचे, तर सराफाकडे जाऊन उपयोग नाही. आशाताईंची पिशवी उघडावी लागेल.

धानाच्या रोवणीचे दिवस आठवा. बांध्यांत पाणी तुंबलेले, डास माजलेले. कुणाला थंडी वाजून ताप आला, की आशाताई बोटाला सुई टोचतात, रक्ताचा इवलासा थेंब हिवतापाच्या पट्टीवर घेतात, द्रावणाचे थेंब सोडतात आणि पंधरा-वीस मिनिटे थांबतात. पट्टीवर तांबूस रेघा उमटतात. अशा बहुतेक पट्ट्यांत हा रंग रक्ताचा नसून सोन्याचा असतो!

हे सोने अतिसूक्ष्म कणांचे असते. ४० नॅनोमीटर व्यासाचा कण घेतला, तर एका मिलिमीटरात असे २५ हजार कण ओळीने मावतील. एवढ्या लहान कणातील मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशतरंगाबरोबर एकदमच मागेपुढे झुलतात. झोक्याला त्याच्या लयीत धक्का दिला, की तो उंच जातो. तसे या इलेक्ट्रॉनांना सुमारे ५२० ते ५३० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश नेमका मानवतो. तो कणांकडून शोषला जातो आणि लाल प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये असे माणकासारखे लाल द्रव तयार केले होते. त्यांच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपलेल्या आहेत.

आता पट्टीकडे वळू. फॅल्सिपेरम जातीचे हिवतापाचे परजीवी रक्तात एचआरपी-२ नावाचे प्रथिन सोडतात. सोन्याच्या कणांवर या प्रथिनाला धरणारी प्रतिपिंडे चिकटवलेली असतात आणि तशीच प्रतिपिंडे पट्टीवर रेघेच्या जागी बसवलेली असतात. प्रथिन असेल, तर त्याची एक बाजू कण पकडतो, दुसरी रेघ पकडते. एकटा कण डोळ्याला दिसणे शक्य नाही. असंख्य कण एका जागी अडकले, की रेघ दिसते. पलीकडची नियंत्रण-रेघ मात्र प्रत्येक वेळी उमटलीच पाहिजे. ती नसेल, तर पट्टी फेकून नवी घ्यावी.

फॅल्सिपेरमचा हिवताप उपचाराविना २४ तासांतही गंभीर होऊ शकतो. म्हणून गावातच मिळणाऱ्या या उत्तराचे मोल मोठे. तरीही रेघ वाचताना सावध राहावे लागते. रोगी बरा झाल्यावरही एचआरपी-२ काही आठवडे रक्तात रेंगाळते आणि रेघ उमटत राहते. याच्या उलटही घडते. या प्रथिनाचा जनुकच नसलेले परजीवी पेरू देशात सापडल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. असे परजीवी रक्तात असूनही एचआरपी-२ ची रेघ कोरी राहू शकते. म्हणून पट्टी कोरी आली आणि ताप मात्र हटेना, तर रक्त काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते.