कमी ऐकू येणाऱ्यांच्या मेळाव्याला जाताय? आधी यंत्रातला ‘टी’ बघा

आमच्या नाटे गावात बोटीच्या इंजिनाशेजारी उमेदीची वर्षं घालवलेले बरेच जण दर वाक्याला ‘काय?’ विचारतात, पण कानाला यंत्र लावायची लाज! मीही त्यातलाच. मुंबईला अशा मेळाव्याला गेलो आणि लाज तिथंच ठेवून आलो.

आत शिरलो तर टाळ्यांचा आवाज नाही. सगळे दोन्ही हात वर करून पंजे हलवतायत. बहिऱ्यांची टाळी अशी असते, डोळ्यांनी ऐकायची.

खरी गंमत लूपची. सभागृहाभोवती तार फिरवलेली असते. माईकमधला आवाज तिच्यातून चुंबकीय लहरींच्या रूपात येतो आणि यंत्रातली टेलिकॉइल तो थेट पकडते. खुर्च्यांची खरखर, पंख्याची घरघर, शेजाऱ्याचा खोकला सगळं गायब! पण त्यासाठी यंत्रात टेलिकॉइल, म्हणजेच तो ‘टी’, हवी आणि ती चालू केलेली हवी. माझ्या यंत्रात ती होती. तीन वर्षं मला पत्ताच नव्हता. विकणाऱ्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

सेलचं पण ऐका. झिंक-एअर सेल हवेवर चालतो. स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग बसवा. आपल्याकडची दमट हवा यंत्राला बाधते, म्हणून रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

मुंबईला जाणारच असाल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था बघून या. १९८३ पासून तिथं श्रवणदोषावर काम चालतं. जुना ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, असेल तर सोबत न्या.