ज्ञानाचा कालवा आणि शाळेची चारी

बारामती-नीरा मार्गावरील कोऱ्हाळे बुद्रुक हे गाव नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात वसलेले आहे. कालव्याला पाणी सुटले म्हणजे शेत भिजलेच असे होत नाही. त्यासाठी चारी साफ असावी लागते, पाळी ठरलेली असावी लागते आणि टेलच्या शेतकऱ्याचे स्मरण ठेवावे लागते, हे येथील बागायतदारास सांगण्याची आवश्यकता नाही. इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध झालेल्या शैक्षणिक साहित्याचीही हीच स्थिती आहे. साहित्य विपुल आहे. ते वर्गातील शेवटच्या मुलापर्यंत कसे पोहोचवावे, हा खरा प्रश्न आहे.

उपलब्ध साहित्य

१९६७ साली पुणे येथे स्थापन झालेल्या बालभारतीची पाठ्यपुस्तके आता मोबाईलवर विनामूल्य उतरवून घेता येतात. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड ‘दीक्षा’ या ॲपद्वारे वाचला असता पाठाशी संबंधित दृक्‌श्राव्य साहित्य मिळते. केंद्र शासनाने २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू केलेल्या या व्यवस्थेत साहित्य एकदा उतरवून घेतले की ते पुढे इंटरनेटशिवायही पाहता येते. ही सोय ग्रामीण शाळांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची होय.

पाठ्यपुस्तकाबाहेरील जिज्ञासेचीही सोय झाली आहे. वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्याचे वीस खंड विकत घेणे लहान गावाच्या वाचनालयास सोपे नव्हते. आज ते कोणासही घरबसल्या वाचता येतात. श्री. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी कशी करावीत हे दाखविणारे साहित्य व असंख्य पुस्तके सर्वांना खुली करून दिली आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात संगणकाचे पाठ मराठीतूनही ऐकावयास मिळतात. ‘स्वयम्’ या केंद्रीय व्यवस्थेत अभ्यासक्रम विनामूल्य आहेत. प्रमाणपत्रासाठीच्या परीक्षेस मात्र शुल्क पडते.

शिक्षकाचे स्थान

केवळ यंत्राने अध्यापन होत नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनी मुलांच्या मातृभाषेचा विचार करून साहित्य तयार केले व ते क्यूआर कोडद्वारे पाठ्यपुस्तकास जोडले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. आपल्या वर्गातील मुलास नेमके काय अडते हे ओळखणारा शिक्षक तेथे होता, हेच त्या कार्याचे मर्म होय. दहा चित्रफितींतून एक निवडणे, ती आधी स्वतः पाहणे, तीतील माहिती पडताळणे आणि योग्य ठिकाणी ती थांबवून मुलांस प्रश्न विचारणे, हे काम शिक्षकासच करावे लागते.

विनामूल्य, पण कोणासाठी?

२०२० व २०२१ मध्ये शाळा बंद असताना एक गोष्ट स्पष्ट झाली. साहित्य विनामूल्य असले तरी मोबाईल आणि डेटा विनामूल्य नसतो. घरात एकच मोबाईल, आणि तोही सकाळी वडिलांबरोबर शेतावर जाणारा, अशी अनेक कुटुंबांची अवस्था होती. सोमेश्वर कारखान्याच्या परिसरात गळीत हंगामात ऊसतोड मजुरांची कुटुंबे बाहेरगावाहून येतात. त्यांच्या मुलांचे शिक्षण नेमके शालेय वर्षाच्या मध्यावर खंडित होते. राज्यातील मराठी शाळांत बालभारतीचीच पुस्तके चालतात. म्हणून बीडकडील शाळेत अर्धवट राहिलेला धडा बारामती तालुक्यातील शाळेत पुढे नेता येणे शक्य आहे. मात्र ते साहित्य मुलाच्या मोबाईलवर नव्हे, तर त्याला सामावून घेणाऱ्या शाळेत तयार असले पाहिजे.

ग्रामपंचायतीस काय करता येईल?

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. ग्रामपंचायत कार्यालयास चांगली जोडणी असेल तर आठवड्यातून एक दिवस शिक्षकांनी तेथे साहित्य उतरवून पेन ड्राइव्हवर घ्यावे. शाळेतील दूरदर्शन संच चालू आहे की नाही आणि वीजबिल भरले आहे की नाही, याची शाळा व्यवस्थापन समितीने दरमहा विचारणा करावी. केंद्रातील शिक्षण परिषदेत प्रत्येक शिक्षकाने उपयुक्त ठरलेला एक पाठ इतरांस द्यावा. वाचनालयात सायंकाळी प्रौढ जिज्ञासूंसाठी एक संगणक खुला ठेवता येईल. जे विनामूल्य पाहता येते ते छापून वाटण्याचीही मुभा असतेच असे नाही; म्हणून परवान्याची अट वाचूनच प्रती काढाव्यात.

ज्ञानाचा कालवा वाहता झाला आहे. चारी काढण्याचे काम गावाचे आहे, आणि पाणी टेलला पोहोचले की नाही, हे पाहण्याचेही.