कॅनडाचा पीआर : अर्ज सगळ्या घराचा

आजोबा कुवेतला, अब्बा सौदीला, मुलगा दुबईला, अशी घरे रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांत नवी नाहीत. पण आखातातला इकामा नोकरीला बांधलेला असतो. सौदी सरकारने जुलै 2017 पासून सोबत राहणाऱ्या बायको-मुलांवर दर माणशी दरमहा 100 रियाल शुल्क लावले आणि 2020 मध्ये ते 400 वर नेले, तेव्हा कितीतरी जणांनी कुटुंब गावी पाठवले. शिकलेल्या तरुणांच्या घरात कॅनडाच्या पीआरची चर्चा होते ती या पार्श्वभूमीवर.

पीआर म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना. मालक बदलला तरी तो जात नाही, पत्नीला नोकरी करता येते, मुलांना सरकारी शाळेत फी लागत नाही. पाच वर्षांत 730 दिवस तिथे राहावे लागते; 1095 दिवस भरले की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो.

कुशल लोकांसाठी मुख्य वाट एक्स्प्रेस एन्ट्रीची. ती जानेवारी 2015 मध्ये सुरू झाली. वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांना गुण मिळतात आणि जास्त गुणवाल्यांना अर्जाचे बोलावणे येते. वयाचे पूर्ण गुण 20 ते 29 पर्यंत. तिशीनंतर ते दरवर्षी घटतात आणि पंचेचाळिशीला शून्य होतात. “अजून पाच वर्षे सौदीत कमावू, मग बघू” हा हिशेब इथेच चुकतो. भारतातून अर्ज करणाऱ्याला बँकेत पुरेशी शिल्लक दाखवावी लागते, आणि ती उसनी चालत नाही. नोकरीचे पत्र आणून देतो म्हणून लाखो रुपये मागणाऱ्यांपासून तर दूरच राहा. अशा पत्राचे गुण कॅनडाने मार्च 2025 मध्ये बंद केले.

आता घरातल्या गोष्टी. मुख्य अर्जदार पतीच असावा असा नियम नाही. सून एम.एस्सी. किंवा नर्सिंग झालेली, वयाने लहान, इंग्रजीत पुढे असेल, तर दोघांचे गुण वेगवेगळे मोजून पाहावेत. आपल्याकडे हा हिशेब सहसा कोणी मांडतच नाही. बायकोच्या नावाने अर्ज केला म्हणून कोणाची इज्जत कमी होत नाही.

निकाहनामा उर्दूत असेल तर अधिकृत इंग्रजी भाषांतर लागते, आणि सरकारी विवाह नोंदणीही करून ठेवलेली बरी. एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मुलगा रियाधला, मुलगी चिपळूणला आणि निकाह फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर, असे आपल्या नात्यात घडते. जून 2015 पासून कॅनडा असा निकाह इमिग्रेशनसाठी मानत नाही. त्या वेळी दोघेही प्रत्यक्ष हजर असावे लागतात. तिकडे जायचा विचार असेल तर सुट्टी मिळेपर्यंत थांबा. दुसरी पत्नीही तिथे चालत नाही.

मुले 22 वर्षांच्या आतली आणि अविवाहित हवीत. अर्ज दाखल झाला की वय त्या दिवशीचे धरतात, पण लग्नाचे तसे नाही. अर्ज चालू असताना मुलीचा निकाह लावला तर ती यादीतून बाहेर पडते. पत्नी-मुले सध्या सोबत येणार नसली तरी त्यांची नावे अर्जात द्यावीच लागतात आणि वैद्यकीय तपासणीही करावी लागते. एखादे नाव लपवले तर पुढे त्याला बोलावण्याची वाट सहसा बंद होते. शेख आणि शैख, एका कागदावर मोहम्मद आणि दुसऱ्यावर नुसते एम.डी., हे घोळ आधीच निस्तरावेत. आखातात सहा महिन्यांहून जास्त राहिलेल्यांनी तिथला पोलीस दाखला परत येण्यापूर्वीच घ्यावा. नंतर तो मिळवताना फार दमछाक होते.

राहता राहिले अम्मी-अब्बा. ते या अर्जात बसत नाहीत. त्यांच्यासाठी सुपर व्हिसा आहे. त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, मात्र किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा काढावा लागतो. उतारवयात त्याचा हप्ता चांगलाच जड जातो. शिवाय बर्फातले बंद घर, मशीद गाडीने जाण्याइतकी दूर आणि दिवसभर बोलायला कोणी नाही. अब्बांना ते झेपेल का, आणि नाही झेपले तर इथे त्यांच्याजवळ कोणता भाऊ किंवा बहीण राहणार, हे आयईएल्ट्सची फी भरण्याआधी घरात बसून ठरवा. त्या बैठकीत अम्मीलाही बोलू द्या.