ख्रिस्तमंदिरातील वर्षभराची पोथी

चातुर्मासात आपल्याकडे पोथी लागते. ख्रिस्तमंदिरात ती वर्षभर लागलेली असते. नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो आणि तेथेच उपासनेचे नवे वर्ष उघडते. धर्मगुरूंची जांभळी वस्त्रे नाताळास शुभ्र होतात. कॅथलिक पंथात १९६९ पासून रविवारच्या वाचनाचे त्रैवार्षिक चक्र आहे: एक वर्ष मत्तयाचे, दुसरे मार्काचे, तिसरे लूकचे. योहानाचे शुभवर्तमान मुख्यत्वे उपवासकाळात व पुनरुत्थानाच्या पर्वात ऐकावयाचे.

वसईच्या चर्चमध्ये आज ही वाचने मराठीत होतात. पूर्वी मुख्य उपासना लॅटिनमध्ये चाले. सामान्य भाविकास त्यातील काय उमगणार? गोव्यातील भाविकांची ही तहान फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने साडेतीनशे वर्षे आधीच ओळखली होती. त्यांचे मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. आपली ओवी परक्याच्या लेखणीत इतकी रुळावी, हे नवलच! मंडळी ते भक्तिभावाने वाचू लागली. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने देशी भाषा सोडण्याचा हुकूम काढला. तरीही मंगळूरकडील ख्रिस्ती घरांतून पुराणाची हस्तलिखिते जपली गेली आणि १९०७ साली ते मंगळुरासच पुन्हा छापून निघाले.