कारखाना विकला, कामगार वगळून

मावळ हा पुण्याजवळचा भाताचा तालुका. त्यात तळेगाव एमआयडीसीत जनरल मोटर्सने २००८ मध्ये कारचा कारखाना सुरू केला. प्रेस शॉप, वेल्डिंग, पेंट, असेंब्ली, पुढे इंजिनंही. क्षमता वर्षाला सुमारे १,३०,००० गाड्यांची. शेवरोले स्पार्क, बीट इथून बाहेर पडल्या.

असा कारखाना आला की पगार फक्त आतल्यांचेच होत नाहीत. खोल्या भाड्याने जातात, कामगारांच्या बसगाड्यांचं, कॅन्टीनचं, साफसफाईचं कंत्राट सुटतं आणि भंगाराच्या ठेक्यावरून गावात भांडणं लागतात. जमिनी गेलेल्या घरातला पोरगा आयटीआय करून ‘परमनंट’ व्हायची वाट पाहतो. परमनंट झाला की लग्न ठरतं, गृहकर्ज मिळतं. त्याच लाइनवर, तेच काम करणाऱ्या कंत्राटी पोराला यातलं काहीच नाही. विदेशी कंपनी चांगला पगार देते हे खरं; पण कोणाला, हे विचारायला हवं.

२०१७ मध्ये जनरल मोटर्सने भारतात गाड्या विकणं बंद केलं. तळेगावात निर्यातीच्या गाड्या, मेक्सिकोकडे जाणाऱ्या बीटसकट, बनत राहिल्या. डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबलं. परवडेना म्हणून देशी मालकही कारखाना थांबवतो. बजाजने २००७ मध्ये आकुर्डीतलं उत्पादन थांबवलंच होतं. फरक एवढाच की आकुर्डीचा मालक पुण्यातच सापडतो. अमेरिकेत, डेट्रॉईटच्या मुख्यालयाच्या दारात मोर्चा कसा न्यायचा?

कारखान्याला खरेदीदार शोधणं त्याआधीच सुरू झालं होतं. चीनच्या ग्रेट वॉल या कारकंपनीशी जानेवारी २०२० मध्ये व्यवहार ठरला, पण एप्रिलमध्ये सीमेलगतच्या देशांच्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची झाली, त्यात गलवानला भारत-चीन सैन्याची चकमक झाली. मंजुरी आलीच नाही. २०२२ मध्ये व्यवहार बारगळला. या काळात हजाराहून अधिक कामगार कामावेगळे झाले आणि वाद कोर्टात गेला. सीमेवरच्या राजकारणाचा हिशेब मावळातल्या घरांनी चुकता केला, हे माझं मत.

ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला आणि २०२५ मध्ये कारखान्यातून पुन्हा गाड्या निघू लागल्या. तालुक्याला हे बरंच झालं. पुरवठादारांना नवं गिऱ्हाईक मिळालं. पण करार मालमत्तेचा होता: जमीन, इमारती, ठरावीक यंत्रं. जुन्या कामगारांना सामावून घ्या, ही युनियनची मागणी त्यात बसत नव्हती. २००८ मध्ये विशीत लागलेला ऑपरेटर आता चाळिशीला टेकलाय, आणि ट्रेनी भरायचे तर कंपनीला पुन्हा विशीतलाच हवा असतो.